पिंपावरचा ठोका

पत्त्यांतील लबाडीविषयी लोक हसत हसत बोलतात, ही गोष्ट मुळातच संतापजनक आहे. चोरी म्हटली की कपाळाला आठ्या पडतात, पण "काय हात मारला लेकाने!" हे वाक्य मात्र कौतुकाच्या सुरातच उच्चारले जाते. वस्तुतः चार माणसे एका कॅटाभोवती बसतात ती परस्परांवरील विश्वासाच्या आधारावर. पाने पालथी वाटली जातात, कारण ती उलटून पाहणार नाही असे प्रत्येकाने मनोमन वचन दिलेले असते. हे वचन मोडणाऱ्याला चतुर म्हणणे हा चातुर्य या शब्दाचा अपमान होय. हे सारे जिला कोणाला शिकवावे लागले नाही, अशा एका स्त्रीची ही हकीकत आहे.

पत्र्याचे डबे आणि पिंपे तयार करणाऱ्या एका कारखान्यात ती उपाहारगृह चालवीत असे. उपाहारगृह हे नाव मोठे. प्रत्यक्षात ती आवाराच्या कोपऱ्यातील एक लांबट खोली होती. एका टोकाला शेगडी, दुसऱ्या टोकाला लाकडी फळ्यांचे टेबल, आणि बसायला कारखान्यातलीच रिकामी, पालथी घातलेली पिंपे. तिला लहानथोर सगळे आक्का म्हणत. चहा उत्तम, जीभ तिखट, आणि मन असे की आजाऱ्याचा कप भरताना साय आपसूक त्याच्याच वाट्याला जाई.

तिला एक धाकटा भाऊ होता. आई लवकर गेल्यामुळे आक्कानेच त्याला वाढवले. लहानपणी तो तापाने अंथरुणाला खिळला असता त्याला रिझवण्यासाठी तिने त्याला पत्ते शिकवले. पिसायचे कसे, उतारी कधी करायची, भिडूचे मन ओळखून पान कसे टाकायचे. तो मोठा झाला, ह्याच कारखान्याच्या यंत्रघरात ठोकयंत्रावर लागला. सगळे त्याला धाकटा म्हणत. आक्का मात्र त्याच्या मिशा पिकू लागल्या तरी बाळ म्हणे.

यंत्रघर म्हणजे अखंड गडगडाट. पत्रा कापणारी, वाकवणारी, ठोकणारी यंत्रे दिवसभर अशी गर्जत की कानाशी तोंड नेऊन ओरडले तरी शब्द पोहोचत नसे. म्हणून तेथील माणसे एकमेकांच्या ओठांकडे पाहून बोलत. "पाना दे", "थांब", "साहेब आला" हे सगळे आवाजाविना चाले. वर्षानुवर्षांच्या या सवयीने त्यांचे डोळे ससाण्यासारखे तीक्ष्ण झाले होते. कानांचे काय झाले, याची विचारपूस कोणी केली नव्हती.

ह्या कारखान्यात एक भट्टी होती. डब्यांना आतून रोगण लावून ते तीत भाजले जाई, आणि रोगणाच्या वाफेची काळी खपली भिंतींवर साचत राही. दर शनिवारी ती खरवडून काढावी लागे. भट्टी पूर्ण निवू देण्याइतका वेळ व्यवस्थापकांना मान्य नव्हता. खपली कोमट असताना लवकर सुटते, असेही ते सांगत. तेव्हा दोन माणसांनी धगीत शिरायचे, तो उग्र दर्प छातीत घ्यायचा आणि डोळ्यांतून पाणी गाळीत खरवडायचे. ती दोन माणसे यंत्रघराची की कोठाराची, यावर एके काळी हातघाईची भांडणे झाली. शेवटी एक रीत पडली: शनिवारी मधल्या सुट्टीत यंत्रघराची एक जोडी आणि कोठाराची एक जोडी हुकमाचा एक डाव खेळणार; ज्यांचे हात कमी, ते भट्टीत जाणार. जोडी वर्षाच्या आरंभी निवडायची आणि वर्षभर बदलायची नाही.

त्या वर्षी यंत्रघराने धाकट्याला निवडले, आणि त्याचा भिडू म्हणून पैलवानाला. पैलवान हा नावाप्रमाणे अगडबंब, बोलणे ढोलासारखे. कानगोष्ट करू लागला तरी आवाराबाहेर ऐकू जाई. कोठाराच्या बाजूने बसत ते गोडबोल्या आणि मौनी. गोडबोल्याच्या जिभेवर खडीसाखर होती. मौनी त्याची सावली. दोघांचे काम मालाची उठाठेव करण्याचे, शांत, थंड खोलीतले.

वर्ष सुरू झाल्यापासून कोठाराची जोडी एकदाही हरली नाही.

यंत्रघराची माणसे भाबडी नव्हती. दुसऱ्याच पराभवानंतर त्यांनी लबाडीचा संशय घेतला आणि तिचे एकेक दार लावायला घेतले. नवा कॅट आला. त्याच्या पाठी उजेडाकडे धरून पाहिल्या, कोठे नखाचा ओरखडा आहे का, एखादा कोपरा दुमडला आहे का. पिसणारा एक, कापणारा दुसरा, वाटणारा तिसरा, असा दंडक घातला, म्हणजे तळाचे पान राखून भिडूला सरकवण्याची सोय उरली नाही. बाह्या कोपरापर्यंत वर. वाटण्यापूर्वी पाने टेबलावर पसरून मोजायची. पाठीमागे कोणी उभे राहायचे नाही. आणि जेथे जागोजागी नवा पत्रा चकाकतो तेथे प्रतिबिंबाचे भय. म्हणून डब्यांची झाकणे पालथी घातली, भिंतीवरचा पत्रा कागदाने झाकला. खेळताना पैलवान गोडबोल्याच्या ओठांवर आणि धाकटा मौनीच्या पापण्यांवर नजर रोखून बसत. एक भुवई हलली असती तरी ती धरली गेली असती.

आणि तरीही धाकटा शनिवारमागून शनिवार भट्टीत जात राहिला.

"आपलं नशीबच खोटं," तो म्हणे आणि खोकत सुटे. तो खोकला पुढे पुढे रात्रंदिवस त्याच्या उराशी राहायला आला. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि आक्काला बाजूला घेऊन सांगितले, "ह्यांना त्या भट्टीपासून दूर ठेवा. आणखी एकदा गेले, तर पुढचं मी सांगू शकत नाही."

त्या दिवशी घरी आल्यावर तिने त्याला समोर बसवले. "बाळ, तू आता पत्त्यांना बसायचं नाहीस."

"मग कोण बसेल?"

"कोणीही बसू दे. माझ्या जिवाला घोर नको."

"कोणीही म्हणजे आपलाच कोणीतरी ना, आक्का? कोपऱ्यातल्या यंत्रावरचे ते आजोबा? की ज्याला परवा मुलगी झाली तो? मी उठलो की त्यांच्यातला एक आत जाणार." त्याने हसण्याचा प्रयत्न केला. "त्यापेक्षा आपण एकदा जिंकू की. पत्ते तूच शिकवलेस. आता शिष्यावर भरवसा नाही?"

पुढच्या शनिवारी आक्काने शेगडी मंद केली आणि चहा ओतण्याच्या निमित्ताने ती टेबलाजवळ रेंगाळू लागली. यंत्रे थांबलेली होती. खोलीत शांतता होती. चहाची वाफ, पानांची सळसळ, धाकट्याचा खोकला. आणि मधूनच एक बारीक आवाज. टण.

आधी तिला वाटले, पत्रा थंड होताना वाजत असेल. मग पुन्हा: टण, टण. मौनीने बदामाची उतारी केली, आणि गोडबोल्याने बदामाचा एक्का टाकून हात उचलला. आणखी थोड्या वेळाने तीन ठोके. मौनी किलवर खेळला. एकदा नुसते घासल्याचे खरखरणे आले आणि चौकट पडली. आक्काने चहाची किटली हातात तशीच धरून खाली पाहिले. गोडबोल्या पिंपावर बसला होता. वर त्याचा चेहरा देवळातल्या दगडासारखा निश्चल; खाली त्याची टाच पोकळ पिंपावर हलकेच आपटत होती.

शेवटचा हात पडेपर्यंत ती त्या टाचेवर नजर रोखून उभी राहिली. डाव संपला, यंत्रघर हरले, धाकटा उठला. तेव्हा मात्र ती भट्टीच्या वाटेवर आडवी झाली. "तू जाणार नाहीस. मी सगळं पाहिलंय. लबाडी झालीये!"

"पुरावा?" गोडबोल्या मधाळ आवाजात म्हणाला. "आक्का, हरल्यावर रडीचा डाव खेळायचा नसतो. तुमच्या भावाची माया आम्हाला समजते हो. पण खेळ तो खेळ."

तिने सगळ्यांदेखत टाचेची गोष्ट सांगितली. यंत्रघराची माणसे एकमेकांकडे पाहू लागली. त्यांच्यापैकी कोणीही काही ऐकले नव्हते. "आवाज?" पैलवान गरजला. "आक्का, मी समोर बसलोय! सुई पडली असती तरी कळलं असतं!"

नियम नियमच ठरला. पैलवानाने धाकट्याला भट्टीच्या दाराशी थांबवले, "तू नुसता घमेली ओढ, आत मी बघतो," म्हणाला, आणि दोघांचे काम एकट्याने केले. बाहेर आला तेव्हा तो पहाडासारखा माणूस भिंत धरून उभा होता. धाकटा आत गेला नव्हता. पण असा उपकार दर आठवड्याला कोण करणार, आणि तो करू देईल असा धाकटा तरी कोठे होता?

संध्याकाळी दोघे उपाहारगृहात चहा घेत बसले. आक्का त्यांच्या पाठीमागे भांडी आवरीत होती. तिने पळी उचलली आणि एका पिंपावर, टाच जितकी वाजली होती तितक्याच हलक्या हाताने, टण असे वाजवले. कोणी वळले नाही. तिने थोडे जोरात वाजवले. पैलवान आपल्याच गोष्टीत रंगला होता. तिने हात उगारून सणसणीत ठोका दिला. पैलवानाने कपाळ पुसले. आणि धाकटा, तिचा बाळ, जो अंथरुणात पडल्या पडल्या तिच्या बांगडीच्या किणकिणीने जागा होत असे, तो बशीतला चहा शांतपणे फुंकीत राहिला.

तेव्हा तिला उमगले. ह्या माणसांनी लबाडीचे प्रत्येक दार लावले होते, पण जी दारे डोळ्यांना दिसतात तेवढीच. आवाजाचे दार त्यांच्या ध्यानातच आले नव्हते, कारण त्यांच्या घरातून आवाजच कधीचा निघून गेला होता. आणि हे कोणाला ठाऊक होते? कोठारातल्या दोघांना. त्यांनी ह्या माणसांच्या कामाने त्यांना दिलेली जखम पाहिली आणि नेमकी तीच जागा टाच मारायला निवडली.

ती समोर जाऊन बसली. धाकट्याच्या डोळ्यांत पाहून, ओठ स्वच्छ हलवीत म्हणाली, "बाळ, तुला कमी ऐकू येतं, हे मला का नाही सांगितलंस?"

"कमी?" तो क्षणभर गोंधळला. "मला वाटायचं, तूच अलीकडे हळू बोलतेस."

पैलवानाला मात्र चेव चढला. "उद्याच त्या गोडबोल्याची टाच मुरगाळतो!"

"मुरगाळशील आणि तूच वाईट ठरशील. तो म्हणेल, पाय अवघडला होता. थांब. चोराला त्याच्याच अंगणात पकडू."

पुढच्या शनिवारी सगळे आले तेव्हा चारही पिंपांना खालपासून वरपर्यंत जाड गोणपाट गुंडाळून सुतळीने घट्ट बांधलेला होता.

"हे काय आक्का?" गोडबोल्या थबकला. "पिंपांना थंडी वाजली?"

"पिंपांना नाही, तुम्हाला वाजेल म्हणून. बसा. सगळ्यांना सारखंच आहे."

"टोचतं हो फार."

"भट्टीपेक्षा कमीच टोचेल."

यंत्रघराची माणसे भिंतीला टेकून हसली. डाव सुरू झाला. गोडबोल्याची टाच खाली गोणपाटावर आपटली, थप्प. मौनीने मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर, वाटेत अचानक दिवा विझलेल्या माणसाचे भाव उमटले. त्याने चाचपडत एक पान टाकले. धाकट्याने ते हुकमाने कापले. पुढचा हातही गेला, त्याच्या पुढचाही.

गोडबोल्याने कपाच्या कडेवर नख वाजवायला सुरुवात केली. आक्काने अलगद कप उचलला. "संपला वाटतं चहा. आणते हं, बसा." मग त्याने चप्पल जमिनीवर घासली, आक्काने पायाखाली उरलेले गोणपाट सरकवले. मग तो खोकू लागला, एकदा, दोनदा, थांबून एकदा.

"भाऊ," आक्का म्हणाली, "खोकला आमच्या घरचा आहे. तो तरी आमच्याकडे राहू द्या."

गोडबोल्याने पानांत डोके घातले. डाव अर्ध्यावर आला होता आणि कोठाराच्या पदरात हात जवळजवळ नव्हतेच. उतारी मौनीची होती. त्याची बोटे एका पानावरून दुसऱ्यावर फिरू लागली, कपाळावर घाम जमला. इतके आठवडे दुसऱ्याच्या टाचेने विचार करणाऱ्याला स्वतःच्या डोक्याने खेळण्याची सवय उरली नव्हती. त्याने एकवार सभोवार पाहिले. ह्या लोकांना ऐकू येत नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते. त्याच भरवशावर तर सारा व्यापार चालला होता. त्या घायकुतीत त्याने जे केले ते केवळ कोठारातला माणूसच करू शकला असता. आवाज अगदी दाबून, श्वासाएवढ्या कुजबुजीने, त्याने भिडूला विचारले, "अरे, बदाम की किलवर? वाजव ना!"

आवाज खरोखरच कोणाला ऐकू गेला नाही. पण भिंतीशी उभा असलेला प्रत्येक माणूस, आयुष्यभर निःशब्द ओठ वाचत आलेला, त्याच्याच तोंडाकडे पाहत होता. "बदाम की किलवर, वाजव ना," असे त्या ओठांवर त्यांनी स्वच्छ वाचले. खोलीत एकाच वेळी हालचाल झाली.

"काय म्हणालास?" पैलवान सावकाश उठला. "वाजव? काय वाजवायचंय रे?"

मौनीचा चेहरा पांढराफटक पडला. गोडबोल्याने पाने टेबलावर ठेवली. "गंमत केली त्याने. तुम्ही मंडळी पण ना..."

"आवाज काढू नकोस," धाकटा म्हणाला. तो एरवी इतका मवाळ माणूस, पण त्या वेळी त्याच्याकडे पाहवत नव्हते. "नुसते ओठ हलव. खोटं काय ते आम्हाला तसंही दिसेल."

गलबला ऐकून व्यवस्थापक आले. सगळी हकीकत ऐकून ते हसले. होय, हसले! "अहो, पत्त्यांत असं चालायचंच. खेळीमेळीनं घ्या. चला, कोणीतरी दोघं भट्टीकडे चला, वेळ जातोय."

"साहेब," आक्का म्हणाली, "हरणारा जिथून छाती जाळून बाहेर येतो, त्याला खेळ म्हणतात का? ह्या दोघांनी लबाडी केली, हे खरं. पण असा डाव मांडला कोणी? भट्टी दोन दिवस निवू दिली असती, तर ह्यांना टाच आपटायची गरज पडली नसती, आणि माझ्या भावाला ऊर फुटेस्तोवर खोकायची."

"भट्टी दोन दिवस बंद? मग माल कसा जाईल बाहेर? हे बघा, सुट्टी संपतेय. भोंगा झाला की सगळ्यांनी यंत्रांवर जायचं."

भोंगा झाला. कोठारातले दोघे दचकून उठले. यंत्रघरातला एकही माणूस जागचा हलला नाही.

व्यवस्थापकांनी घड्याळाकडे बोट दाखवले. "भोंगा झाला!"

"काय झालं?" पैलवानाने कानामागे तळहात धरला.

"भोंगा!"

"आम्हाला नाही ऐकू आला," कोपऱ्यातल्या यंत्रावरचे आजोबा नम्रपणे म्हणाले. "तुम्हाला आला का रे?" त्यांनी बाकीच्यांना विचारले. बाकीच्यांनी गंभीरपणे माना हलवल्या. कोणाला ऐकू आला नव्हता. एकेक जण जागा पाहून शांतपणे खाली बसला. धाकट्याने पत्ते गोळा केले आणि पिसू लागला. भोंगा आणखी दोनदा झाला. व्यवस्थापक दाराशी उभे राहून कधी ह्याच्या तर कधी त्याच्या तोंडाकडे पाहून ओरडत होते, आणि ते काय म्हणताहेत हे सगळ्यांना अचूक समजत असूनही कोणीच उत्तर देत नव्हते.

आवारातल्या सावल्या लांबल्या तेव्हा व्यवस्थापकांनी भट्टी दोन दिवस निवू द्यायला सांगितले. सोमवारी, भिंतींना हात लावता येईल इतकी ती गार झाल्यावर, कोठारातले दोघे पहिल्यांदाच आत गेले. पुढे पाळी लागली. यंत्रघर, कोठार, सगळ्यांची. खपली गार असताना सुटायला वेळ लागतो हे खरे निघाले, आणि त्यामुळे कोणाचे आकाश कोसळले नाही.

धाकटा पुन्हा भट्टीत गेला नाही. त्याचा खोकला उतरला, पुरता गेला मात्र नाही. जिन्याच्या मधल्या पायरीवर त्याला अजून थांबावे लागते. मौनीने काही दिवसांनी येऊन आक्काचे पाय धरले. तिने त्याला उठवले, बसवले, चहा दिला. गोडबोल्याला मात्र ती कधी हातात कप देत नसे. टेबलाच्या टोकाला ठेवून वळे. पैलवान हा मनाने मोठा माणूस. तो एकदा म्हणाला, "आक्का, जाऊ दे आता. भट्टीत आम्ही दोघं जात होतो. मीही विसरलो की तो डाव."

आक्काने हातातले फडके शेगडीवर आपटले. मग त्याला नीट दिसावे म्हणून त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"डाव मीही विसरले असते रे. तुम्हाला कोणाला बाळाचा खोकला ऐकू येत नव्हता. त्याला येत होता. समोर बसून, दर आठवड्याला, तो ऐकत होता. आणि ऐकत ऐकत टाच वाजवत होता."